पाय मार, टीचर!

त्या दिवशी मी झोपेतच औरादला पोचले. खरं तर उतरायचं होतं जनवाडा मागे पडल्यावर येणाऱ्या एका गावात. तिथल्या हायस्कुलात मी गणित शिकवते. बिदरहून सकाळची बस धरायची, खिडकीला डोकं टेकायचं आणि शाळेचा फाटा आला की उठायचं, हे अंगात इतकं मुरलेलं होतं की फाट्याआधीच्या खड्ड्यात बस आदळली की माझे डोळे आपोआप उघडायचे. त्या दिवशीही बस आदळली असणारच. डोळे काही उघडले नाहीत. उघडले तेव्हा कंडक्टर माझ्या पुढच्या सीटच्या दांडीवर तिकिटाचं मशीन ठोकत होता.

"ओ अक्का, औराद आलं. घर इथंच बांधायलाव का?"

मी खाली उतरले आणि स्टँडवर तशीच उभी राहिले. हातात डब्याची पिशवी, खांद्यावर पर्स, केसांत खिडकीची धूळ. तिकडं दहावीचा वर्ग माझी वाट बघत असणार आणि इकडं मी आख्खी शाळा ओलांडून पुढं आले होते.

तसं हे एका दिवसात झालेलं नव्हतं. दिवाळीआधीपासूनच माझ्यातलं काहीतरी आटत चाललं होतं. दहावीचा निकाल वाढवायचा म्हणून शाळेआधी एक जादा तास, शाळेनंतर एक जादा तास आणि रविवारी सराव वर्ग असं मी गेल्या वर्षापासून स्वतःहून अंगावर घेतलं होतं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. हेडमास्तरांनी नुसतं विचारलं होतं, "टीचर, रविवारी कुणी येईल का?" आणि माझा हात माझ्याआधी वर गेला होता. सुरुवातीला अंगात जोरही होता. मुलं म्हणायची, टीचर पळत पळत गणित सोडवतात. पुढं पुढं गणित पळायला लागलं आणि मी मागं राहिले.

एकदा फळ्यासमोर उभी होते. आमच्या शाळेत शिकवायचं कन्नडमधून, मुलांच्या घरी मराठी, आणि पाढे मी मनात म्हणते ते मराठीतच. एक साधा गुणाकार करायचा होता. कन्नडमध्ये सुचेना, मराठीत सुचेना. हैदराबादकडच्या मावशीमुळं थोडं उर्दू येतं, तर तेही आठवून बघितलं. तिन्ही भाषांनी एकदम रजा टाकली होती. पुढच्या बाकावरची पोरगी हळूच उत्तर म्हणाली आणि मी ते फळ्यावर लिहिलं, जणू तिचीच परीक्षा घेत होते.

नवरा मला बिदरला डॉक्टरकडं घेऊन गेला. रक्त तपासलं, थायरॉईड तपासलं, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, आराम करा. मग एका रविवारी वर्ग दुसऱ्यांवर सोपवून मी आराम केला. दिवसभर अंथरुणात पडून मोबाईल बघितला. संध्याकाळी उठले ती सकाळपेक्षा जास्त दमून. नवऱ्यानं विचारलं, "नेमकं काय व्हायलंय गं तुला?" मी म्हणाले, "काहीच व्हईना, हेच व्हायलंय." त्याचं बी-बियाणांचं दुकान आहे. उगवण न झाल्याच्या तक्रारी तो रोज ऐकतो, पण ही तक्रार त्याच्याही आवाक्याबाहेरची होती.

तर अशी मी, औरादच्या स्टँडवर. हेडमास्तरांना फोन लावला. खोटं बोलायलाही ताकद लागते आणि ती माझ्याकडं नव्हती.

"सर, मी औरादला हाय."

"औरादला? आज काही मीटिंग हाय का तिथं?"

"न्हाई सर. बसमध्ये झोप लागली."

मला वाटलं आता रागावणार. मग पलीकडून असा आवाज आला की हा माणूस ठसका लपवायलाय का हसू, ते कळेना. "बरं," ते म्हणाले, "तुम्ही वापस येईस्तोवर तुमचे तास संपतील. आजची रजा लिहितो. जरा जेवून घ्या."

फोन ठेवला आणि एक विचित्र गोष्ट झाली. मला भूक लागली. कित्येक दिवसांत लागली नव्हती अशी, खणखणीत. त्या दिवशी औरादचा आठवडी बाजार होता आणि स्टँडपर्यंत भज्यांचा वास येत होता. मी मिरचीची भजी घेतली, तिखटमीठ लावलेला पेरू घेतला आणि दोन्ही हातांनी खात बाजारात शिरले. कामाच्या दिवशी, भर सकाळी, माझ्यावर कुणाचाही हक्क नसलेली अशी मी! टोमॅटोवाली तेलुगूत भाव सांगत होती, गिऱ्हाईक मराठीत घासाघीस करत होतं आणि दोघांचं व्यवस्थित जमत होतं. मला उगाचच हसू यायला लागलं. पुढं एका माणसानं जनावरांच्या गळ्यातल्या घंटा आणि घुंगरं मांडली होती. मी एक घंटा वाजवून बघितली. मग दुसरी. मग दोन्ही एकदम. मग लहानमोठ्या सगळ्या एका ओळीनं.

"कित्ते बकऱ्यां हैं, मॅडम?" दुकानदारानं विचारलं.

"एक बी नै," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडं, मग घंटांकडं बघितलं. "तो फिर बजाव, बजाव," म्हणाला. "बजाने के पैसे नै लेते."

मी हसायला लागले ते थांबेचना. पेरूचा घास घशात, डोळ्यांत पाणी, आणि तेवढ्यात मागून पाठीत एक धपाटा बसला.

"अगं टीचर! शाळा सोडून इथं शेळ्या घ्यायलीस का काय?"

माझी नणंद. नवऱ्याची थोरली बहीण. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो आणि ती मला, लग्न होऊन आले त्या दिवसापासून, टीचर. औरादपासून थोड्या अंतरावरच्या गावात तिची शेती आहे. पन्नाशी उलटलेली, अंगानं दणकट, आवाज असा की रानातून हाक मारली तर गावात दार उघडावं. मी तिला सगळी हकिकत सांगितली, खड्डा, कंडक्टर, सगळं. ती रस्त्यातच पोट धरून हसली. मग हसता हसता थांबली आणि माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं.

"कामून अशी झालीस गं? तोंडावरचं तेजच गेलंय की."

"काय ठाऊक अक्का. तपासून झालं. काही सापडलं न्हाई."

"चल घरी," ती म्हणाली. विचारलं नव्हतंच, सांगितलं होतं.

तिच्या स्कूटीवर पुढं मिरचीच्या रोपांची पाटी, मध्ये ती आणि मागं मी, माझ्या मांडीवर तिच्या बाजाराच्या दोन पिशव्या. स्कूटी ती अशी चालवते की समोरच्या म्हशीलाच विचार करावा लागतो. प्रत्येक वळणावर मी "अक्काऽऽ" म्हणून ओरडायची आणि ती "आलं, आलं" म्हणायची. काय आलं ते तिनं कधीच सांगितलं नाही.

घरी न जाता ती थेट रानात गेली. तूर फुलावर होती, सगळं रान पिवळं. मधोमध दगडी बांधणीची चौकोनी विहीर, आत उतरायला पायऱ्या, पावसाळा चांगला झाल्यानं पाणी बरंच वर आलेलं. आणि त्या पाण्यात अक्काची धाकटी जाऊ आणि शेजारच्या रानातली एक बाई, दोघी लुगड्यांचे काष्टे मारून मजेत पोहत होत्या. पोहता पोहता कुणाच्या तरी लग्नाविषयी बोलत होत्या. मला फार अचंबा वाटला तो त्याचाच. पोहणं म्हणजे जीव मुठीत धरून करायची गोष्ट, अशी माझी समजूत. आणि ह्या ओट्यावर बसल्यासारख्या गप्पा मारायल्यात!

"उतर," अक्का म्हणाली.

"मला येत न्हाई."

"म्हणून तर उतर म्हणायले."

तिनं आपलं जुनं लुगडं दिलं. माझ्या पाठीला तेलाचे दोन रिकामे प्लास्टिकचे कॅन दोरीनं करकचून बांधले. मी पायरी पायरीनं उतरले. थंडीचे दिवस आणि पाणी चक्क कोमट! गुडघ्यापर्यंत गेले, कमरेपर्यंत गेले आणि पुढची पायरी सापडेचना. मी किंचाळले. कॅननी मला वर उचललं. अक्का माझ्या शेजारी पाण्यात.

"पाय मार, टीचर!"

"कसे?"

"कसे म्हंजे? मार!"

"अक्का, आधी डावा का उजवा?"

तिघी इतक्या हसल्या की अक्काची जाऊ खरोखरच पाणी प्याली. मग त्यांनी आपापसात वाद घातला, आधी कोणता पाय मारतात यावर. अक्का म्हणाली, "मला येतंय, पण कसं येतंय ते मलाच ठाऊक न्हाई. तू मार गं, जो येईल तो." मी दोन्ही मारले. चारही हातपाय एकदम चार दिशांना मारले. जागेवरच गोल फिरले. नाकात पाणी, कानात पाणी, आणि तशात मी हसायलेय. पाण्याच्या वर माझं डोकं आणि डोक्यावर आभाळाचा चौकोनी तुकडा. त्या तासाभरात मला दहावीचा निकाल आठवला नाही. शाळा आठवली नाही. मी स्वतःलाही फारशी आठवले नाही.

बाहेर आल्यावर अंग थरथरत होतं, दात वाजत होते आणि मी अक्काच्या चुलीपुढं बसून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी अशी खाल्ली की वाढता वाढता तिनं एकदा थांबून माझ्याकडं बघितलं. मग टोपल्यातली उरलेली भाकरीही माझ्याच ताटात ठेवली.

संध्याकाळच्या बसनं परत येताना मी जागी होते. फाटा आला तेव्हा लांबून शाळेची इमारत दिसली आणि मला वाटलं, उद्या जावं. जायला लागणार असं नाही, जावं असं. हा फरक मी विसरूनच गेले होते.

पुढच्या रविवारी मी परत गेले. हेडमास्तरांना सांगायला लागलं. त्यांच्या टेबलावर नेहमी पित्ताच्या गोळ्यांची पट्टी असायची. निकालाची काळजी मला होती त्याच्या दुप्पट त्यांना.

"सर, रविवारचा वर्ग मला जमणार न्हाई."

"काही कार्यक्रम हाय का घरी?"

"पोहायला जायचंय."

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला, जणू ऐकू येण्यात चष्म्याचीच चूक झाली असावी. विज्ञानाच्या टीचर शेजारी बसल्या होत्या. त्या पटकन म्हणाल्या, "सर, आम्ही आळीपाळीनं घेतो की." मग हळूच माझ्याकडं वळून, "पोहायला? खरंच?" इतकं सोपं होतं ते. इतके दिवस मला वाटायचं, मी रविवारी गेले नाही तर मुलं बुडतील. आता बुडायची पाळी माझी होती आणि मी ती आनंदानं घेतली.

नवऱ्याला मात्र धसका बसला. दुसऱ्या खेपेला तो सोबत आला. बायका पोहत असताना पुरुषांनी विहिरीकडं फिरकायचं नाही हा अक्काचा नियम, म्हणून त्याला दूर चिंचेखाली बसवलं. दर थोड्या वेळानं तो तिथून ओरडायचा, "हायस का?" मी विहिरीतून ओरडायची, "हाय!" शेवटी अक्काच ओरडली, "न्हाई, तुझी बायको मासा झाली! गप बस!"

मी वाईट विद्यार्थिनी निघाले. हे मला फार आवडलं. वर्गात मुलांच्या चुका तपासणारी मी, इथं माझ्या चुका मोजायला कुणाला सवडच नव्हती. माझे पाय खाली जायचे, मान वर ताठ राहायची, हात पिठात कालवल्यासारखे. अक्काला शिकवता येत नव्हतं, मला शिकता येत नव्हतं, आणि तरी आमचं जमत होतं. ह्याचा निकाल लागणार नव्हता. पहिली, दुसरी कुणी येणार नव्हतं. एका रविवारी कॅन सुटले. दोरी ढिली होती की अक्कानं मुद्दाम सोडली, ती अजून सांगत नाही. मी ते भलतीकडं तरंगताना बघितले आणि मनात आलं, अरे, ते कॅन तिकडं आहेत. म्हणजे इथं मीच आहे! त्या आनंदात मी लगेच पाणी प्याले, पण तोवर ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोचले होते.

मी सुधारले असं मात्र कुणी समजू नये. परीक्षा जवळ आली तसा माझा हात पुन्हा आपोआप वर गेला. सकाळचा तास, संध्याकाळचा तास, मग रविवारही. मनात म्हटलं, एवढा महिना काढू, मग बघू. आठवडे गेले. बसमध्ये डोकं पुन्हा खिडकीला टेकायला लागलं. घरी नवऱ्यानं काही विचारलं की "हं" एवढंच उत्तर. एका दुपारी मी स्टाफरूममध्ये पेपर तपासत होते. तेवढ्यात बाहेर ओळखीचा हॉर्न वाजला, म्हशीलाही विचार करायला लावणारा.

अक्का शाळेत आली होती. तिला काही कळवलेलं नव्हतं. मी कित्येक आठवडे आले नाही, फोनवर धड बोलले नाही, एवढं तिला पुरलं होतं. ती सरळ हेडमास्तरांच्या खोलीत गेली. मी मागं धावले. हेडमास्तर गुलबर्ग्याकडचे, घरची कन्नड. अक्का कन्नड बोलते तेव्हा तिचा आवाज आणखी चढतो. तिनं त्यांना विचारलं, तुमच्या शाळेत गणिताच्या दुसऱ्या टीचर आहेत का? नाहीत, म्हणाले ते. "मग हाय ती एक जपून वापरा की, सर," असं ती शेवटी मराठीत म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

मला भुईनं पोटात घ्यावं असं झालं. हेडमास्तर मात्र रागावले नाहीत. त्यांनी चहा मागवला. मग एकदम विचारलं, "विहीर किती खोल हाय तुमची?"

अक्कानं सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. लहानपणी मामाच्या गावी मांजरा नदीत पोहायचो, ते म्हणाले. दगडावरून सूर मारायचो. उलटा सूर! पोरं बघायला जमायची. नोकरी लागली आणि मग... त्यांनी हात हलवला. त्या "मग"मध्ये त्यांची आख्खी नोकरी होती.

"या की एकदा," अक्का म्हणाली. "बायकांची पाळी झाल्यावर."

त्यानंतर शाळेत जादा तास थांबले नाहीत, पण वाटले गेले. सकाळचा तास विज्ञानाच्या टीचरनी घेतला, संध्याकाळचा मी ठेवला. रविवार आम्ही सगळ्यांनी आळीपाळीनं घेतला आणि हेडमास्तरांनीही एक घेतला. त्यांनी भूमिती शिकवली. चांगली शिकवली. पुढं निकाल लागला तो साधारण मागच्यासारखाच. थोडा चढ म्हणता येईल, पण ढोल वाजवण्याइतका नाही. मी घासले त्या वर्षी आणि मी पोहले त्या वर्षी जवळपास सारखाच निकाल! पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मला रडू यावं की हसू, ते ठरवता येईना. मी हसले.

परीक्षा संपल्यावरच्या रविवारी आम्ही सगळे अक्काकडं जमलो. विज्ञानाच्या टीचरही आल्या होत्या. पहिल्या पायरीवर बसून त्या पाण्याला नुसतं बोट लावत होत्या. उन्हाळ्यानं पाणी बरंच खाली गेलं होतं, पण पोहण्याजोगं होतं. अक्कानं हुग्गी, म्हणजे गव्हाची गूळ घातलेली घट्ट खीर, केली होती, वर तुपाची धार. आमची पाळी झाली, आम्ही ओल्या केसांनी चिंचेखाली येऊन विहिरीकडं पाठ करून बसलो आणि पुरुषांना सोडलं. पुरुष म्हणजे हेडमास्तर आणि माझा नवरा. हेडमास्तरांनी बनियन काढायला साफ नकार दिल्याचं नवऱ्यानं नंतर सांगितलं.

आम्ही कान देऊन बसलो. आधी बराच वेळ काहीच नाही. मग नवऱ्याचा आवाज, "सर, राहू द्या, वय झालंय आता." मग हेडमास्तरांचा, "बाजूला व्हा." मग पावलं, धावत आलेली. मग काहीच नाही. आणि मग असा दणका झाला की चिंचेवरचे पोपट उडाले.

"वर आले का?" विज्ञानाच्या टीचर कुजबुजल्या.

अक्का वळून बघणार इतक्यात विहिरीतून आरोळी आली, भसाडी, पोरासारखी.

"भाळ छलो अद! भाऽळ छलो अद!"

लई झकास हाय म्हणत होते ते, आणि परत परत म्हणत होते. दगडी भिंतींवर आदळून ते शब्द वर येत राहिले. अक्कानं पदर तोंडात कोंबला. विज्ञानाच्या टीचर गवतावर आडव्या झाल्या. मी इतकी हसले की हातातली हुग्गीची वाटी सांडली. तेवढ्यात नवरा ओरडत आला, "अक्का, सर आणखी एकदा मारतो म्हणायलेत, उलटा मारतो म्हणायलेत, काय करू?"

"मारू दे की!" अक्का म्हणाली, आणि भांड्यातली उरलेली हुग्गी खरवडून माझ्या वाटीत घातली.